बावन्न पानं आणि एक अनुमोदक

टक्केसाहेबांच्या तोंडून कोणतीही गोष्ट नुसती "होईल" किंवा "नाही होणार" अशी कधी बाहेर पडली नाही. जिन्यात कुणी सहज विचारावं, "काय हो, लिफ्ट चालू होईल का आज?" साधा माणूस म्हणेल, "होईल की!" टक्केसाहेब एक डोळा बारीक करायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरवायचे आणि म्हणायचे, "चौदा टक्के." सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे "शंभर वर्षं जगा" म्हणत होते, तेव्हा हे म्हणाले, "तीन टक्के शक्यता आहे, पण प्रयत्न सोडू नका." सासूबाई त्या दिवसापासून रोज व्यायाम करतात, आणि तो केवळ जावयाचा आकडा खोटा पाडायला करतात.

माणूस वाईट नव्हता हो. नोकरीच तशी. एका विमा कंपनीच्या जोखीम खात्यात ते बसायचे. कोणत्या वयाचा माणूस न्हाणीघरात घसरतो, कोणत्या पेशाचा माणूस शिडीवरून पडतो, हे त्यांना तोंडपाठ. दिवसभर असल्या गोष्टी मोजणारा माणूस घरी आल्यावर काय गाणी म्हणणार? इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव टक्केसाहेब ठेवलं. नव्या भाडेकरूंना आधी वाटायचं, हे कुठल्यातरी खात्यात टक्केवारी खात असतील, आणि ते जरा जास्तच आदरानं नमस्कार करायचे.

तर या टक्केसाहेबांच्या बायकोला एक दार हवं होतं.

दार म्हणजे खोली हो, पण ती "दार"च म्हणायची. ती कपडे शिवायची, आणि शिलाई मशीन होतं जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे टक्केसाहेब कोपऱ्यात ताट धरून जेवायचे आणि मध्येच कुणाची तरी अर्धवट बाही त्यांच्या पाण्याच्या पेल्यात बुडायची. गिऱ्हाईक कपडा अंगाला लावून बघायला आलं की झोपायच्या खोलीचा ताबा गिऱ्हाइकाकडे आणि टक्केसाहेब गॅलरीत. थंडीवाऱ्यात उभं राहून त्यांनी समोरच्या इमारतीच्या खिडक्या इतक्या वेळा मोजल्या होत्या की समोरच्यांनी एकदा तक्रार केली. बायको म्हणायची, "मला काही नको हो. एक खोली हवी, तिला दार हवं, आणि ते मी आतून लावलं की कुणी 'चिमटा कुठाय' म्हणून विचारायला यायला नको." इतक्या वर्षांच्या संसारात तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि अचानक तळमजल्यावरची पंपाची खोली रिकामी झाली. पंप मागच्या बाजूला हलवला आणि खोली उरली. चार भिंती, एक खिडकी, एक नळ आणि एक दार! बायकोनं त्याच दिवशी पदराच्या टोकानं खिडकीची रुंदी मोजून घेतली.

पण रिकामी खोली म्हटली की दहाजणांना पालवी फुटते. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना तिथे त्यांची जुनी खुर्ची ठेवायची होती. ती मागे झोपणारी, दिव्याची, पाय वर होणारी खुर्ची. टाकवत नाही म्हणे, तिच्यावर त्यांनी पहिला दात काढला होता. सर्वांत वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणायचे. बाईंना तिथे वाचनालय काढायचं होतं, कारण इमारतीतल्या लोकांची भाषा फार बिघडली होती. हे त्या लोकांना तोंडावर सांगायच्या.

इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची सभा झाली. भांडण झालं. चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली डॉक्टरांची, तर बाई म्हणाल्या ती चिठ्ठी दुमडलेली नव्हती, चुरगाळलेली होती, आणि चुरगाळलेली चिठ्ठी हाताला आधी लागते. टक्केसाहेबांनी लगेच अंगठा फिरवून सांगितलं, "चाळीस टक्के जास्त." झालं! डॉक्टर भडकले, निकाल रद्द.

तेव्हा अध्यक्ष उभे राहिले. त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. ते जहाजावर होते एवढं नक्की, जहाजावर काय होते हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कप्तान म्हणाले, "समुद्रावर असली भांडणं आम्ही एकाच पद्धतीनं मिटवायचो. पोकर! प्रत्येकाला पाच पानं वाटायची. नको असतील ती एकदा बदलून घ्यायची. मग ज्याला आपली पानं भारी वाटतात त्यानं जास्त लावून डाव वाढवायचा, ज्याला नाही वाटत त्यानं पॅक व्हायचं, म्हणजे पानं टाकून डाव सोडायचा. यात नशीबही लागतं आणि अक्कलही."

सगळ्या सभेनं माना वळवून टक्केसाहेबांकडे पाहिलं. टक्केसाहेबांनी चष्मा पुसला. बायकोच्या डोळ्यांत असं काही चमकलं की लग्नानंतर ते त्यांनी फारच क्वचित पाहिलं होतं. संध्याकाळी ती म्हणाली, "एवढी वर्षं तुमची टक्केवारी ऐकली. कान किटले माझे. आता तरी कामाला येऊ दे बाई ती एकदाची!"

आता खरं तर इथेच गोष्ट संपायची. पानं वाटली, जो जिंकला त्याची खोली. पण आमच्या संस्थेला चिटणीस होते ना! चिटणीस म्हणजे असा माणूस की ज्याच्या घराला आग लागली तर तो आधी विचारेल, "विषयपत्रिकेवर आहे का?" त्यांनी हरकत घेतली. संस्थेच्या मालमत्तेचा निर्णय नुसत्या पत्त्यांवर होऊ शकत नाही, तो ठरावानंच व्हायला हवा. डाव वाढवणं म्हणजे ठराव मांडणं. आणि ठराव म्हटला की सूचक आला, अनुमोदक आला. तेव्हा ज्याला डाव वाढवायचा असेल तो सूचक, आणि प्रेक्षकांतून एकानं उभं राहून "अनुमोदन" म्हटल्याशिवाय डाव पुढे सरकणार नाही.

"अहो, पण हा पोकर नाही!" कप्तान कपाळाला हात लावून म्हणाले.

"नसेल. पण कायदेशीर आहे," चिटणीस म्हणाले.

त्यात बाईंनी दुरुस्ती सुचवली. न वाचता अनुमोदन देणं हा बेजबाबदारपणा आहे, सबब अनुमोदकानं आधी सूचकाची पानं बघावीत. मात्र "अनुमोदन" या एका शब्दापलीकडे त्यानं चकार शब्द काढू नये. दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. कप्तान त्या रात्री जेवले नाहीत असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

टक्केसाहेबांना यातलं काही ऐकूच गेलं नाही. ते कामाला लागले होते. फ्रिजवर तक्ता लागला. पाच पानांत काहीच न येण्याची शक्यता पन्नास टक्के. जोडी येण्याची बेचाळीस. एका चिन्हाची चार पानं हातात असताना एक पान बदललं तर पाचवं जुळून भारी हात होण्याची शक्यता एकोणीस. दूध काढताना तक्ता, पाणी पिताना तक्ता. बायकोला समोर बसवून सराव सुरू झाला, आणि बायको जिंकायला लागली.

"तू ती चौकटची सत्ती का ठेवलीस?"

"वाटलं मला."

"वाटणं हा गणिताचा प्रकार नाही!"

"नसेल. पण आल्या ना तीन सत्त्या?"

यावर टक्केसाहेब तिला अर्धा तास समजावत की ती जिंकली हे चूक होतं. ती मशीनवर पाय मारत "हं, हं" करायची.

बाहेर तर विचारूच नका. जिन्यात पाऊल टाकलं की सल्ला. एकजण म्हणाला, काळा चष्मा लावा, डोळ्यांत पानं दिसतात. दुसरा म्हणाला, डॉक्टरांसमोर तोंड उघडू नका, ते जबड्यावरून माणूस ओळखतात. पेपर टाकणारा म्हणाला, पहिल्यांदा मुद्दाम हरा. ज्यांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता ते उंटावरून शेळ्या हाकायला सर्वांत पुढे. काळ्या चष्म्याचा प्रयोग टक्केसाहेबांनी करून पाहिला आणि इस्पिक समजून किलवर टाकलं.

रविवारी दुपारी त्याच रिकाम्या खोलीत डाव मांडला. लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. पैसे लावायचे नव्हते, म्हणून बायकोच्या डब्यातली बटणं वाटली. शर्टाची पांढरी ती हलकी, कोटाची काळी ती भारी, आणि सोनेरी म्हणजे राजेशाही. तिघांना सारखी बटणं. ज्याची संपतील तो बाद. कप्तान पानं पिसायला बसले, चिटणीस इतिवृत्त लिहायला.

टक्केसाहेबांना पहिल्याच डावात बदामाची चार पानं आली. एक बदलायचं. शक्यता एकोणीस टक्के. अंगठा पेरांवरून फिरला आणि एकोणीस टक्क्यांवर बटणं उधळायची नाहीत म्हणून ते पॅक झाले. शास्त्रशुद्ध पॅक झाले! दुसऱ्या डावात काहीच नाही. पॅक. तिसऱ्यात छोटी जोडी, समोर दोघं जोरात. पॅक. लोकांना वाटलं साहेब डाव शिकून घेताहेत. चिटणीसांनी इतिवृत्तात "सभासद क्रमांक एक अनुपस्थित असल्यासारखे उपस्थित" असं लिहिलं.

शेवटी एकदाच्या तीन दश्श्या आल्या. टक्केसाहेबांचा हात टेबलावर शांत पडला. "डाव वाढवतो," ते म्हणाले. बायको उठली, पानं पाहिली, म्हणाली, "अनुमोदन!" आणि काय सांगू, डॉक्टर पॅक, बाई पॅक. हाताला लागली दोन पांढरी बटणं. असं तीनदा झालं. पानं वाईट असली की हे आपण होऊन बाहेर, पानं चांगली असली की बाकीचे बाहेर. टक्केसाहेब एकही चूक न करता हरत होते. त्यांनी मागे वळून बायकोला हळूच सांगितलंसुद्धा, "गणितानं बघितलं तर मी पुढे आहे." बायकोनं त्यांच्यासमोरच्या बटणांकडे पाहिलं. तेवढ्या बटणांत एक झबलं झालं नसतं.

बाईंची तऱ्हा निराळी. त्या पानं उचलायच्या आणि मोठ्यानं सांगायच्या, "माझ्याकडे दोन राण्या आहेत." प्रथम कुणाचा विश्वास बसेना. टक्केसाहेबांनी तर अशी परिस्थिती हिशेबातच धरली नव्हती. समोरचा माणूस पोकरमध्ये खरं बोलेल याची शक्यता काढायची कशी? त्यांनी बाई थाप मारताहेत असं धरून सोनेरी बटणं लावली, आणि बाईंनी दोन राण्या टेबलावर मांडल्या. "मी वर्गात कधी खोटं बोलले नाही, इथे काय बोलणार?" त्यांनी डाव वाढवला की त्यांचे चार माजी विद्यार्थी एकदम ताड्कन उभे राहून एका सुरात "अनुमोदन" म्हणायचे. पण खरेपणाचा एक तोटा असतो, तो लोकांना कळला की संपतो. डॉक्टरांच्या लक्षात आलं. बाईंनी "राजे" म्हटलं की डॉक्टर पॅक, बाईंनी "काही नाही हो" म्हटलं की डॉक्टर सोनेरी बटण सरकवणार. चहा येईपर्यंत बाई बाद झाल्या. जाताना म्हणाल्या, "हरले, पण शुद्ध बोलून हरले."

डॉक्टरांचा अनुमोदक तर अजबच होता. पहिल्या मजल्यावरचा एक गृहस्थ, त्याचं रूट कॅनाल डॉक्टरांकडे अर्धवट होतं. तात्पुरतं सिमेंट भरलेलं, पुढची तारीख सोमवारची. बिचारा पानं बघायचाच नाही. डॉक्टर नुसते खोकले तरी तो गालावर हात धरून ओरडायचा, "अनुमोदन!"

टक्केसाहेबांपुढे मूठभर पांढरी बटणं उरली. नवी पानं आली, अंगठा पेरांवरून फिरायला लागला, आणि मागून बायकोचा आवाज आला. "उठा."

"काय?"

"उठा म्हणते मी. मी बसते."

खोलीत कुजबुज झाली. टक्केसाहेबांचे कान लाल झाले. "अगं, साडेआठ टक्क्यांचा डाव आहे, मधलं एक पान..."

"तुमची टक्केवारी सगळ्या इमारतीला दिसतेय!" ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "पानं वाईट असली की तुमचा अंगठा बोटांवर नाचतो. चांगली असली की मोजायचं काही नसतं, म्हणून हात गप्प बसतो. डॉक्टर पानांकडे बघतच नाहीत हो, ते तुमच्या हाताकडे बघतात. मघापासून सगळे बघताहेत. मलाच मेलीला आत्ता कळलं!"

टक्केसाहेबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर होता. एवढा विश्वासू अवयव, आणि असा फितूर निघाला!

डॉक्टरांनी हरकत घेतली की मध्येच माणूस बदलता येणार नाही. चिटणीसांनी चष्मा वर केला, फाइल उघडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडले. घर दोघांच्या नावावर, म्हणजे वहिनी सहसभासद. सहसभासदाला बसण्याचा पूर्ण अधिकार. टक्केसाहेब उठले आणि प्रेक्षकांत बायकोच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारचा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरीसुद्धा असंच आहे."

बायको बसली आणि हवाच बदलली. ती पानं उचलताना गप्पा मारत होती, डॉक्टरांना त्यांच्या विजारीची उंची विचारत होती, मध्येच कप्तानांच्या शर्टाचं सुटलेलं बटण दाखवत होती. पानंही तिला अशी यायला लागली की टक्केसाहेबांनी मनातल्या मनात हिशेब करायचं सोडून दिलं. ती डाव वाढवायची, अनुमोदनाला साहजिकच नवरा. टक्केसाहेब जायचे, पानं बघायचे, तीन गुलाम नाहीतर ओळीनं पाच पानं दिसायची, आणि ते अगदी मनापासून "अनुमोदन" म्हणायचे. ढीग वाढत गेला. बायका टाळ्या पिटायला लागल्या.

आणि मग तो डाव आला. तिनं वाढवला, टक्केसाहेब वाकले, तर हातात दुर्रीची एक फुटकी जोडी! समोर डॉक्टर. टक्केसाहेबांनी पानं पुन्हा एकदा पाहिली. "अहो, बोला," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. पण ज्या माणसानं जन्मात पन्नास टक्क्यांखालच्या गोष्टीला होकार दिला नाही तो काय बोलणार? ते सरळ उभे राहिले आणि सगळ्या सभेसमोर प्रामाणिकपणे म्हणाले, "मी देऊ शकत नाही. बत्तीस टक्के."

खोलीत हशा फुटला. डॉक्टर तर टेबलावर डोकं ठेवून हसले. "अनुमोदकाने नियमबाह्य भाषण केले," चिटणीसांनी लिहून घेतलं. अनुमोदकाअभावी ठराव बारगळला, डाव गेला, आधी लावलेली सोनेरी बटणं गेली.  बायकोनं नुसतं एकदा खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पुढची पानं उचलली. टक्केसाहेबांना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आपली बायको बटणांसाठी खेळत नव्हती. एवढी साधी गोष्ट, आणि ती त्यांच्या कोणत्याच तक्त्यात बसली नव्हती.

तिनं ढीग पुन्हा उभा केला. हळूहळू, एकेक पांढरं बटण करत. शेवटी दोघांकडे जवळपास सारखी बटणं होती तेव्हा कप्तान म्हणाले, "उजेड कमी व्हायला लागलाय. आता हा शेवटचा डाव. याच्यानंतर ज्याची बटणं जास्त, त्याची खोली."

पानं वाटली. डॉक्टरांनी तीन बदलली, म्हणजे त्यांच्याकडे एक जोडी होती हे शेंबडं पोरही सांगेल. बायकोनं एकच बदललं. डॉक्टरांनी नवी पानं पाहिली, जिभेनं दात चाचपला आणि काळी बटणं पुढे ढकलली. "अनुमोदन!" रूट कॅनाल ओरडला.

बायकोनं आपलं नवं पान उचललं, हातातल्या चार पानांशेजारी लावलं, पाचही पानं मिटवून टेबलावर पालथी ठेवली. मग दोन्ही हातांनी सगळा ढीग, पांढरी, काळी, सोनेरी, एकूण एक बटण मध्यभागी सारलं.

"सगळी," ती म्हणाली.

डॉक्टरांनाही तेवढंच लावावं लागणार होतं. नाहीतर पॅक. कुणीतरी बाहेर जाऊन लेकराला गप्प केलं.

"सूचक आहेत," चिटणीस म्हणाले. "अनुमोदक?"

टक्केसाहेब उठले.  ते बायकोच्या मागे गेले, वाकले. तिनं पानांचा कोपरा वर केला.

बदाम, बदाम, बदाम, बदाम. आणि किलवरची चौकी.

जोडी नाही, ओळ नाही, काही म्हणजे काही नाही. डॉक्टरांनी तेवढीच बटणं लावून पानं उघडायला लावली तर शेंबड्या जोडीनंही ते जिंकणार. तिच्या मानेवर घामाचा एक थेंब होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मदतही मागितली नाही. मघाशी मागून पाहिली होती ना!

टक्केसाहेबांचा अंगठा हलला. तो तर्जनीच्या मुळाशी पोचला, आणि त्यांनी हात पुढे करून तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. पाचही बोटं लाकडावर, सगळ्या इमारतीला दिसतील अशी. पाठ ताठ केली, छाती पुढे काढली, आणि ऑफिसच्या स्नेहसंमेलनात माईक बंद पडला तेव्हासुद्धा लावला नव्हता एवढा आवाज लावून ते म्हणाले,

"अनुमोदन!"

खिडकीची काच थरथरली म्हणतात. मी काही शपथेवर सांगत नाही.

डॉक्टरांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात गप्प. चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा विम्याच्या कागदासारखा कोरा. "टक्केसाहेब," ते म्हणाले, "विचार करून बोलताय ना?"

"अनुमोदकाशी बोलायचं नाही!" कप्तान गरजले.

डॉक्टरांनी आपली पानं परत पाहिली. त्यांना काय काय दिसत असेल ते मी सांगतो. समोर असा माणूस उभा होता की ज्यानं स्वतःच्या सासूला खोट्या शुभेच्छा दिल्या नाहीत. ज्यानं तासाभरापूर्वी स्वतःच्या बायकोला भर सभेत बत्तीस टक्के म्हणून बुडवलं होतं. लिफ्टच्या बाबतीतसुद्धा ज्याला थाप मारता येत नाही, तो एवढ्या मोठ्यानं अनुमोदन देतो म्हणजे पाच बदाम आहेत, नक्की आहेत, शंभर टक्के आहेत!

"मरू दे," डॉक्टर म्हणाले आणि पानं फेकली. "पॅक."

"अनुमोदन!" रूट कॅनाल सवयीनं ओरडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

पुढचं काही नीट सांगता येणार नाही. बायका उठल्या, खुर्च्या पडल्या, बटणं खोलीभर पसरली. बाईंचे माजी विद्यार्थी बाईंना विचारून नाचले. डॉक्टर पानं बघायला झेपावले, पण पॅक झालेल्या माणसाला पानं बघायचा अधिकार नाही असं कप्तानांनी ठणकावलं, आणि बायकोनं तोवर पाचही पानं कप्तानांच्या गठ्ठ्यात घुसवून पिसूनसुद्धा टाकली होती. डॉक्टरांनी फेकलेली पानं मात्र कुणीतरी उलटली. एक्क्यांची जोडी! "सोमवारी ये तू," डॉक्टर रूट कॅनालला एवढंच म्हणाले. चिटणीसांनी "ठराव संमत" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

लोक पांगले. खोलीत दोघंच उरली. बायकोनं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आतून कडी घातली. मग दाराला पाठ लावून उभी राहिली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मशीन खिडकीपाशी. आरसा इथे. आणि तुम्ही आता गॅलरीत जायचं नाही."

टक्केसाहेब खाली वाकून बटणं गोळा करत होते. ती त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली.

"अहो, खरं सांगा. पानं बघितलीत तेव्हा किती टक्के वाटत होते? डॉक्टर पॅक होतील म्हणून?"

टक्केसाहेबांनी एक सोनेरी बटण शर्टाला पुसलं आणि डब्यात टाकलं.

"मोजलंच नाही," ते म्हणाले. "तू म्हणालीस सगळी, म्हणून म्हटलं अनुमोदन."

 ती डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवून म्हणाली, "वेडे आहात तुम्ही अगदी."

अकरा टक्के. खुर्ची धरायच्या आधीच मोजून झाले होते. पण हे त्यांनी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि पुढेही कधी सांगितलं नाही.